तिलापीचे लाल कल्ले

१

कुशाबाचं डोकं फुटलं होतं आणि तळ्यात हजारभर मासे पोटं वर करून तरंगत होते. लोकांनी दोन्ही गोष्टी एका नजरेत पाहिल्या, म्हणून दोन्ही एकाच माणसानं केल्या असं ठरवूनही टाकलं. तो माणूस म्हणजे माझा धाकटा मुलगा लवू.

खबर आली ती सकाळी साडेसातला, कर्फ्यू उठून अर्धा तास झाला होता. साल छप्पन, महिना जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं वरून ठरलं आणि लालबाग-परळचे रस्ते पेटले. पाच दिवस गोळ्या चालत होत्या. समोरच्या चाळीत दोन घरांत सुतक होतं. सकाळी सात ते अकरा एवढीच मोकळीक. त्यात पाणी भरायचं, रॉकेल आणायचं आणि मयताला खांदाही द्यायचा. मोर्चात माझ्या गुडघ्यावर लाठी बसली, तो सुजून नारळाएवढा झाला, आणि पाच दिवस मी अंथरुणात पडून होते. तीस वर्षांत पहिल्यांदा माझी मासळीची टोपली माझ्याशिवाय फिरत होती. गिरण्या बंद, म्हणून थोरला रामदास ती घेऊन लोअर परळच्या चाळींकडे जायचा. धक्क्यावर होड्या लागत नाहीत, सुकट विकतो, म्हणाला होता.

निरोप आणला शेजारच्या नलूनं. रामदास मोरीत अंघोळ करत होता. त्याला बाहेरूनच हाक मारून सांगितलं आणि मी काठी घेऊन जिना उतरले. त्याची बायको बकुळा म्हणाली, अहो तुमचा पाय. म्हटलं, पाय माझा आहे, तू चुलीकडे बघ.

तळं आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीपलीकडे, गिरणीच्या आवारात. इंजिनाचं पाणी निवायला खणलेलं. तीन वर्षांपूर्वी शामराव नावाच्या ठेकेदारानं त्यात लंकेहून आलेल्या जातीचा मासा सोडला. तिलापी. काळपट, जाड खवल्यांचा आणि ढेकणासारखा वाढणारा. सुताला लावायची खळ उरली की ती तळ्यात ओतायची, तेच त्याचं खाणं. मी भर बाजारात म्हटलं होतं की हा मासा नव्हे, गटाराला फुटलेले कल्ले आहेत, आणि माझ्या टोपलीत असला एक जरी दिसला तर टोपलीला काडी लावीन. लोक हसले होते. शामराव हसला नव्हता.

कुशाबा त्या तळ्याचा राखणदार. साताऱ्याकडचा, कमी बोलणारा, सरळ. तो पायऱ्यांवर उताणा पडला होता. शेजारी पाण्याच्या झडपेची लोखंडी दांडी. घाव तीन होते, एक कानशिलावर आणि दोन टाळूवर. टाळूचं हाड आत बसलं होतं.

लवूला त्यांनी दिव्याच्या खांबाला गिरणीच्या चामडी पट्ट्यानं बांधलं होतं. एक डोळा मिटलेला, खालचा ओठ फाटून हनुवटीवर आलेला. त्याचे दोन दात पायरीवर पडले होते. ते कुणी उचलले नव्हते, मीच उचलले आणि पदरात बांधले.

मारणारा होता बुधाजी, कुशाबाचा धाकटा भाऊ, गिरणीच्या रंगखात्यातला मुकादम. त्याच्यामागे पन्नासेक माणसं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. लवू ब्लीच खात्यात कामाला. हरताळातसुद्धा शामराव मासे विकतो म्हणून तीन दिवसांपूर्वी त्यानं भर रस्त्यात धमकी दिली होती की तुझ्या तळ्यात ब्लीचिंगची गोणी ओततो. आज मासे मेले. कुशाबानं त्याला पकडलं असणार, म्हणून त्यानं कुशाबाला मारलं. शिवाय लोक आले तेव्हा लवू छातीपर्यंत भिजलेला आणि सदऱ्यावर रक्त.

लवूनं फाटक्या तोंडानं मला सांगितलं की संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीमुळे पोलीस त्याच्या मागावर होते आणि दोन दिवस कुशाबानंच त्याला बॉयलरच्या शेडमध्ये लपवलं होतं. उजाडताना तोंड धुवायला आला तर कुशाबा पाण्यात पालथा. ओढून काढला, एवढंच. पण तो शेडमध्ये होता हे फक्त कुशाबाला ठाऊक होतं, आणि कुशाबा आता साक्ष द्यायला उठणार नव्हता.

कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं तसा बुधाजी त्याच्याकडे वळला.

"परवा ज्यांनी आपली पोरं मारली त्यांच्याकडं भावाचा न्याय मागू व्हय? कर्फ्यू लागायच्या आत हितंच उरकतो."

तो बारा वर्षांचा असताना गावाहून आला होता. पहिलं वर्षभर त्याला कालवण मी घातलं होतं. ते मी बोलले नाही, पण त्याला आठवावं एवढा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"अकरापर्यंत लवूला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "तोवर तुझ्या भावाला कुणी मारला ते मी सांगते. नाही सांगितलं तर तुझा पट्टा आणि माझा मुलगा."

२

मी आधी माणसाकडे नाही, पाण्याकडे पाहिलं. माणसं खोटं बोलतात.

ब्लीचिंगचा वास मला चांगला ठाऊक. लवूचे कपडे मी आठ वर्षं धुतलेत. त्या वासानं डोळे चुरचुरतात, बोटांची सालं निघतात. तळ्याला वास होता तो आंबलेल्या खळीचा आणि मेल्या माशाचा. काठाशी वाकले. डासांसाठी म्युनिसिपालिटीनं सोडलेले गप्पी मासे, तांदळाच्या दाण्याएवढे, खुशाल पळत होते. पायरीला गोगलगाई चिकटलेल्या, त्याही जिवंत. तळ्यात विष पडलं तर आधी कोण मरेल? हाताएवढी तिलापी की दाण्याएवढा गप्पी?

मग एक तिलापी उचलली. अजून तोंड उघडझाप करत होती. मासे विकणारीचं बोट आपोआप कल्ल्याखाली जातं. ताजा मासा लालभडक, शिळा तपकिरी. हा कल्ला दोन्हींतला नव्हता. फिकट, मध्येमध्ये पांढरा पडलेला, वर शेंबडासारखा थर. तो थर पदरानं पुसला तर खालचे दाते झिजलेले, टोकं खाल्लेली, कुठे एकमेकांना चिकटलेली. जुन्या खराट्यासारखे. दुसरी उचलली, तिचंही तेच. दहा उचलल्या.

गर्दीत आमच्या चाळीतले नाना होते. ठाकूरद्वारला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि डोळ्याला लावायचं भिंग कायम खिशात. त्यांना म्हटलं, नाना, ह्या घड्याळात काय अडकलंय बघा. नानांनी नाक धरून, जिवंत तिलापीच्या कल्ल्यावर वाकून भिंग लावलं.  मग त्यांनी भिंग बुधाजीच्या हातात दिलं.

त्या दात्यांवर किडे होते. सुताच्या तुकड्याएवढे, पारदर्शक, एका टोकानं आकडा रोवून चिकटलेले आणि दुसऱ्या टोकानं वळवळणारे. एका कल्ल्यावर शंभर तरी.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ब्लीचिंगनं कल्ला भाजतो, पण झिजत नाही. असं झिजायला पंधरा-वीस दिवस लागतात. हे मासे श्वास कोंडून मेलेत. पहाटे पाण्यातली हवा कमी होते, आणि धड कल्ले नसलेल्या माशाला तेवढंच निमित्त पुरतं. एवढ्याशा तळ्यात एवढी गर्दी केल्यावर एकाचा किडा दुसऱ्याला लागणार नाही तर काय होईल? लवूनं तोंड वाजवलं असेल, पण गोणी ओतली नाही.

पन्नासातली दहा-बारा माणसं गुपचूप मागे सरली. बुधाजी नाही.

"मासे किड्यानं मारले, कबूल. माझा भाऊ किड्यानं मारला का?"

त्याचं बरोबर होतं. माझी नजर कुशाबाच्या पायाशी गेली. तिथे गिरणीत सुताच्या कांड्या भरतात तसली एक बांबूची टोपली होती, माशांनी भरलेली. वीसेक तिलापी, डोकी काठाकडे, शेपट्या मध्ये, नीट गोल रचलेल्या. मी सवयीनं एकीचा कल्ला उचलला.

लालभडक. जणू आत्ता समुद्रातून काढली.

३

शामराव आपल्या खोलीत कडी लावून बसला होता. मी काठीनं दार वाजवलं तेव्हा आतून विचारलं की कोण. म्हटलं, तुझ्या माशांची नातेवाईक.

त्याच्या चेहऱ्याला घाम होता. आधी तो ठेक्याचं रडगाणं गायला लागला. ते मी ऐकून घेतलं नाही. विचारलं की मासे आजारी आहेत हे तुला कधी कळलं? कुशाबा तीन आठवड्यांपासून सांगत होता, म्हणाला. मासे दगडांना अंग घासतात, पाणी येतं त्या तोंडाशी गर्दी करून आ वासतात, निम्मे काढून टाका, नाहीतर सगळे जातील. यानं ऐकलं नाही.

मग कल्ल्यांना लाल फासून हे मासे विकतो कोण?

तिथे तो खरोखर गोंधळला. शपथा घेऊन सांगू लागला की गोळीबार सुरू झाल्यापासून त्याचे हातगाडीवाले गावी पळालेत आणि पाच दिवसांत त्याचा एक मासा बाहेर गेलेला नाही. लवूनं धमकी दिली ती त्याच्या तोंडातली शेखी ऐकून. आपण हरताळ मोडतो असं तो उगाच मिरवत होता. मी त्याच्या मोरीत पाहिलं, चुलीमागे पाहिलं, हाताची नखं पाहिली. नखं स्वच्छ होती. अंगठ्या होत्या तेवढ्या.

निघताना तो मागून म्हणाला, "गंगूबाई, कुशाबा मासे फुकट देत होता कुणाला तरी. मरणार तर निदान कुणाच्या पोटात जाऊ देत, म्हणायचा. मी डोळेझाक केली. कुणाला ते सांगितलं नाही त्यानं."

"तू विचारलंस?"

"विचारलं. म्हणाला, भल्या घरचा माणूस आहे, नाव काढू नका."

४

रखमा, कुशाबाची बायको, मढ्याजवळ बसून होती. रडत नव्हती. नवऱ्याच्या अंगावरचं पाणी लुगड्यानं टिपत होती. मी गुडघा सरळ ठेवून कशीबशी तिच्या शेजारी टेकले. माझ्या मुलानं तिचा नवरा मारला असं सगळे सांगत होते, तरी तिनं मला जागा दिली.

तिला काही विचारायच्या आधी मी कुशाबाचा उजवा हात पाहिला. तो तळ्याच्या पाण्यात पालथा पडलेला होता. डोक्याचं एवढं रक्त गेलं तरी चेहरा धुऊन निघाला होता, कपडे धुऊन निघाले होते. फक्त अंगठा आणि पहिलं बोट लाल होतं. मी थुंकी लावून घासलं. तसंच राहिलं. लुगड्याच्या पांढऱ्या काठावर ओढलं तर गुलाबी रेघ उमटली.

रक्त असं राहत नाही. रक्त दोन तासांत काळं पडतं आणि पाण्यानं सुटतं. आणि गिऱ्हाइकाला फसवायला शिळ्या माशाच्या कल्ल्याला लावतात ते बकऱ्याचं रक्त. पण खाटकांची दुकानं पाच दिवस बंद होती. हा गिरणीचा रंग होता. रंगखात्यातली माणसं शिमग्यासाठी कागदाच्या पुडीतून चिमूटभर घरी आणतात, सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे मरायच्या क्षणी कुशाबानं त्या टोपलीतल्या माशाचा कल्ला उचलून पाहिला होता, आणि टोपलीचा मालक समोर उभा होता.

मी मान वर केली. पाच हातांवर बुधाजी उभा होता, रंगखात्याचा मुकादम, कोपरापर्यंत डाग पडलेले हात घेऊन. गेल्या दिवाळीत दोघा भावांची गावच्या घरावरून हाणामारी झाली होती, आख्ख्या चाळीनं सोडवली होती. मला वाटलं, सापडला. खोटं का सांगू, मला आनंद झाला.

रखमाला हळूच विचारलं की रात्री कुशाबा काय बोलला. ती म्हणाली, बोलला काय, तणतणला. कुणाला तरी घरी खायला म्हणून मासे दिले, तर तो त्याला रंग फासून विकतोय, बायाबापड्यांना फसवतोय, असं त्याला लोअर परळहून आलेल्या कुणीतरी सांगितलं. सकाळी तो आला की टोपली पालथी घालतो, म्हणाला.

"आणि मग?"

"मग म्हनाला, थेट म्हातारीकडं जातो आन सांगतो." रखमानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडंच येनार व्हता मावशी. मी म्हनलं, त्यांच्याकडं कशाला? तर गप बसला."

५

मी परत टोपलीशी गेले. जायला नको होतं.

डोकी काठाकडे, शेपट्या मध्ये. मुंबईतल्या कोळणी मासे आडवे लावतात. घाटावरची माणसं टोपलीत नुसते ओततात. बुधाजीनं तर जन्मात मासा रचला नसेल. गोल रचतात ते आम्ही, देवबाग गावचे, म्हणजे गिऱ्हाइकाचा हात आधी कल्ल्यावर यावा. आणि रंग लावणारा नवखा असता तर त्यानं वरच्या बाजूचाच कल्ला रंगवला असता. इथे प्रत्येक मासा दोन्ही बाजूंनी रंगवला होता, कारण शहाणं गिऱ्हाईक मासा उलटवून बघतं. हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते कुणीतरी शिकवलेलं असतं.

मी शिकवलं होतं.

नवरा गिरणीत पट्ट्यात सापडून गेला तेव्हा लवू पोटात होता आणि रामदास आठ वर्षांचा. तो महिना मी शिळी सुरमई विकली. रामदास कल्ले उघडून धरायचा, मी रक्त फासायची, आधी ही बाजू मग ती. पुढे दिवस सुधारले, तसं मी ते बंद केलं आणि कधी केलंच नाही असं स्वतःला पटवलं. वर्षभरानं रामदासनं आपल्या बुद्धीनं एका बांगड्याला रक्त लावलं, आईला मदत म्हणून. मी चिमटा तापवून त्याचा तळहात डागला. आख्ख्या माळ्यानं त्याची किंकाळी ऐकली. गंगूबाईची टोपली म्हणजे खरा माल, हे नाव त्या दिवसापासून झालं.

रामदास रंगखात्यातच होता. बुधाजीच्याच हाताखाली. आणि सकाळी साडेसातला, पाण्याची एवढी ओढ असताना, मोरीत किती वेळ पाणी पडत होतं. मी हाक मारली तेव्हा त्यानं ओ दिली नव्हती. भाऊ खांबाला बांधलाय हे ऐकूनही तो मागून आला नव्हता.

दहा वाजले होते. जिना चढायला मला खूप वेळ लागला.

तो घरात भिंतीला टेकून बसला होता, समोर भाकरी तशीच. बकुळाला मी पाण्याला पाठवलं. काहीच विचारलं नाही. कुशाबाचा हात रंगलाय एवढंच म्हटलं.

मग त्यानं सगळं सांगितलं, खाली मान घालून, धड्यासारखं. घरात आठ तोंडं, गिरणी बंद, मी अंथरुणात. कुशाबानं मासे दिले. पहिल्या दिवशी आम्हीच खाल्ले असते, पण तिलापी घरात आणली तर मी काय करीन याची त्याला भीती वाटली. म्हणून विकली. फिके कल्ले बघून बायका परत ठेवायच्या, म्हणून रंग लावला. आज पहाटे भिंतीवरून उतरून तो माल रचून रंगवून निघणार, तर कुशाबानं अडवलं, कल्ला उचलला, अंगठा त्याच्या तोंडासमोर धरला.

"तो मारत नव्हता, शिव्या देत नव्हता. मी पाया पडलो त्याच्या. तो म्हणाला, चल, तुझ्या आयेकडे." रामदासचा आवाज तिथे फुटला. "मी म्हटलं, पोलिसात दे, शामरावाला सांग, गिरणीतून काढ. आयेला नको. तर तो तळ्याच्या काठाकाठानं भिंतीकडे चालायलाच लागला. दांडी हाताशी होती. एक मारली तेव्हा तो बसला. मग उठून परत भिंतीकडेच जायला लागला, आये."

अडतीस वर्षांचा माणूस. डोक्याचे केस पांढरे व्हायला लागलेले.

"लवूला बांधलंय, ठाऊक होतं?"

"होतं."

"मरू दिला असतास?"

त्यानं समोरची भाकरी बाजूला सारली. मला उत्तर मिळालं.

त्या किड्यांनी कुणाला काही होत नाही. कल्ल्यात राहतात ते कल्ल्यातच. कल्ले काढून शिजवलं की झालं. लोअर परळची एकही बाई त्या माशानं आजारी पडली नसती. त्यानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण माझ्या घरात विचारायची सोयच नव्हती.

खालून आरडाओरडा ऐकू आला. साडेदहा झाले होते आणि बुधाजीला धीर निघत नव्हता.

"ऊठ," मी म्हटलं.

६

रामदासला गर्दीत दिला तर पाच मिनिटांत त्याचे तुकडे. पोलिसांत दिला तर गिरणगावात आम्हाला पाणी कुणी देणार नाही. त्या आठवड्यात चौकीची पायरी चढणं म्हणजे गद्दारी. आणि काहीच बोलले नाही तर खांबाला लवू. जिना उतरताना एवढाच विचार केला. चौथा रस्ता नव्हता.

पट्टा सुरू झाला होता. लवूची मान खाली लोंबत होती आणि प्रत्येक फटक्याला फक्त खांब हलत होता. मी पट्टा आणि खांब यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. एक फटका माझ्या खांद्यावर बसला, मग बुधाजी थांबला.

मी सांगितलं. पाण्यापासून सुरुवात करून अंगठ्यापर्यंत, रंगापासून रचलेल्या टोपलीपर्यंत, जसं मला दिसलं त्याच क्रमानं. सुरमई आणि चिमटासुद्धा सांगितला. आवाज चढवला नाही. शेवटी म्हटलं, "हा रामदास. ह्यानं मारलं."

क्षणभर कुणाला पटलंच नाही. मग बुधाजीनं झडपेची दांडी उचलली आणि रामदासवर घातली. रामदासनं हात वर केला नाही. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो गुडघ्यावर बसला. दुसरा घाव डोक्यावर येणार तेवढ्यात दांडीला दोन हातांनी लोंबकळली ती रखमा. तिला बुधाजीनं दोनदा झिडकारलं, ती सुटली नाही. पडली, फरपटत गेली, तरी सुटली नाही.

"माझ्या दारात आणखी एक मढं नको," ती म्हणाली. "ह्याला मारलास तर सगळे म्हनतील दोघं चोरीच्या माशांवरून भांडले. माझा नवरा कशासाठी मेला ते ह्यानं कोर्टात उभं राहून सांगायचं. माझ्या पोरांनी ऐकायचं."

बुधाजीनं दांडी तळ्यात फेकली. मेलेले मासे हलले आणि परत जमले. लवूचे बंद नानांनी सोडले. तो खाली कोसळला, पण डोळा उघडून भावाकडे बघत राहिला.  अजूनही त्याबद्दल बोलत नाही.

रखमानं कपाळावरचं रक्त पुसलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ह्याला कोर्ट हाय. तुमचं काय करायचं, मावशी?"

एवढ्या वर्षांत मला कुणी बोललं आणि मी उलट बोलले नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

अकराला दहा मिनिटं होती. मी रामदासला उठवलं. मोडलेल्या खांद्याकडचा हात त्यानं दुसऱ्या हातानं धरला होता, म्हणून मी त्याच्या सदऱ्याला धरलं. रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते, की गंगूबाई आपल्या मुलाला घेऊन चौकीकडे चाललीय. एक बाई थुंकली. ते आमच्या पुढ्यात पडलं.

चौकीसमोर वाळूच्या गोण्या रचल्या होत्या. त्यांच्या मागून बंदुका आमच्याकडे वळल्या आणि कुणीतरी हिंदीतून थांबायला सांगितलं. आम्ही थांबलो. रामदासनं धड होता तो हात वर केला. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, विचारलं.

"आये, रागावलीस?"

माझ्या गळ्यात जे होतं ते नेहमीचंच होतं, धारदार, तयार. ते मी गिळलं.

"नाही रे," म्हटलं.

खोटं होतं. पण त्याचे खांदे खाली आले, आणि तो गोण्यांकडे एकटा चालत गेला.